खाडीकाठचे पाहुणे

प्रस्तावना

पाऊस थांबतो, भाताची कापणी होते, आकाश निवळते आणि पहाटेच्या वाऱ्याला किंचित गारवा येतो. आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. यांपैकी कार्तिक सरत आला, की आपल्या किनाऱ्यांवर, खाड्यांत आणि पाणथळ जागांवर दूरदेशीचे पक्षी उतरू लागतात. त्यांच्यासाठी हा प्रवासाचा शेवट असतो. पक्षी पाहणाऱ्यांसाठी मात्र हा हंगामाचा आरंभ असतो.

महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर ते १२ नोव्हेंबर हा काळ पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा ‘पक्षिकोश’कार मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा. या पाठात आपण मुंबईचे बंदर, ठाण्याची खाडी आणि त्यांच्या काठच्या पाणथळ जागा यांचा परिचय करून घेणार आहोत. तुम्ही मुंबईपासून दूर राहत असाल, तरी तुमच्या गावाजवळ एखादा तलाव, नदीचे पात्र किंवा किनारा असेलच. तेथे जाऊन काय पाहावे आणि कसे पाहावे, हेही या पाठातून समजेल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• पक्षी स्थलांतर का करतात, ते सांगणे;
• भरती-ओहोटी आणि पक्ष्यांची दिनचर्या यांतील संबंध स्पष्ट करणे;
• चोच व पाय यांवरून पक्ष्याच्या अन्नाचा अंदाज बांधणे;
• पाणथळ जागांचे महत्त्व आणि त्यांच्यापुढील धोके यांवर स्वतःचे मत मांडणे;
• ‘पक्षी’सारख्या शब्दांचे सामासिक शब्दांतील शुद्ध लेखन करणे.

मूळ पाठ

१. पाहुणे कोठून येतात?

सायबेरिया, मध्य आशिया, तिबेट आणि लडाख या प्रदेशांत उन्हाळा थोडा, पण समृद्ध असतो. दिवस मोठा, किडामुंगी विपुल आणि घरट्यासाठी मोकळी जागा भरपूर. म्हणून अनेक पक्षी तेथे अंडी घालतात आणि पिले वाढवतात. परंतु शरद ऋतू येताच दिवस लहान होतो, दलदली गोठू लागतात आणि अन्न बर्फाखाली जाते. पक्ष्याला थंडीपेक्षा उपासमारीचे भय अधिक असते. म्हणून तो दक्षिणेची वाट धरतो.

या प्रवासाची तयारीही विलक्षण असते. निघण्यापूर्वी पक्षी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात. काही जातींचे वजन या काळात जवळजवळ दुप्पट होते. ही चरबी म्हणजे त्यांच्या प्रवासाची शिदोरी. तिच्या बळावर ते किती दूर जाऊ शकतात, याचे एक उदाहरण पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाणटिवळ्याच्या एका जातीचा, अवघ्या पाच महिन्यांचा पक्षी अलास्काहून निघाला आणि कोठेही न थांबता अकरा दिवसांत टास्मानियाला पोहोचला. त्याच्या अंगावरील यंत्राने १३,५६० किलोमीटर अंतराची नोंद केली. वाट दाखवायला आईबाप सोबत असतातच असे नाही. दिशेचे ज्ञान पक्षी जन्मतःच घेऊन येतो.

भारतात येणारे बहुतेक पाणपक्षी ज्या मार्गाने येतात, त्याला ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणतात. या मार्गाने तीस देश एकमेकांशी जोडले गेले आहेत. पक्षी कोठून कोठे जातो, हे कळावे म्हणून त्याच्या पायात क्रमांक असलेले हलके कडे घालतात. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने हे काम भारतात मोठ्या प्रमाणावर केले. आता उपग्रहाशी जोडलेली यंत्रेही वापरली जातात. ठाण्याच्या खाडीतील काही रोहित पक्ष्यांच्या अंगावर २०२२ मध्ये अशी यंत्रे बसवण्यात आली. तेव्हा हे पक्षी पावसाळ्याच्या सुमारास गुजरातकडे जातात, याला दुजोरा मिळाला.

२. चंद्राचे घड्याळ

अरण्यातला पक्षी सूर्य पाहून वागतो, तर खाडीतला पक्षी सूर्याबरोबर चंद्रही पाहतो, असे म्हणता येईल. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. पाणी उतरले, की मैलोन्मैल चिखल उघडा पडतो. हा चिखल म्हणजे पक्ष्यांचे ताट. त्यात किडे, गोगलगायी, शिंपले, खेकड्यांची पिले आणि उड्या मारणारे निवटे असतात. पाणी चढले, की ताट झाकले जाते आणि पक्ष्यांना उंचवट्यावर जाऊन वाट पाहावी लागते.

पक्षी पाहायला निघण्यापूर्वी म्हणूनच भरतीची वेळ समजून घ्यावी लागते. कोकणकिनाऱ्यावर यासाठी एक जुना आणि सोपा आडाखा आहे. त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी. जी संख्या येईल, त्या सुमारास भरती. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे त्या दिवशी नऊच्या सुमारास चिखल पूर्ण उघडा. अष्टमीला भरती सहाच्या आणि ओहोटी बाराच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, हिशेब एकच. वेळेत थोडाफार फरक पडतो, पण दिवसाचा बेत आखण्यासाठी हा आडाखा पुरेसा आहे. मात्र तो या किनाऱ्यापुरताच खरा मानावा. इतर किनाऱ्यांवर भरतीच्या वेळा निराळ्या असतात.

पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या आसपास पाणी फार चढते व फार उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात. पूर्ण ओहोटीच्या वेळी पक्षी काठापासून फार दूर जातात आणि ठिपक्यांसारखे दिसतात. पाणी चढू लागले, की लाटेच्या कडेबरोबर चरत चरत ते काठाजवळ येतात. म्हणून चढत्या पाण्याचे पहिले दोन-तीन तास हा निरीक्षणाचा उत्तम काळ होय.

३. एक चिखल, अनेक पंगती

मुंबईच्या पूर्वेस शिवडीचा किनारा आहे. तेथील जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहिले, की एका बाजूस बंदराच्या गोद्या आणि तेलाच्या टाक्या, तर दुसऱ्या बाजूस तिवरांची हिरवी रांग दिसते. याच किनाऱ्यावरून निघणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. अशा गजबजाटातच पक्ष्यांची पंगत बसते.

नीट पाहिले, तर या पंगतीत भांडण फार थोडे दिसते. कारण प्रत्येकाचे ताट वेगळे आहे. चिखल्याची चोच आखूड. तो धावतो, थबकतो आणि वरवरचा किडा टिपतो. पाणटिवळ्याची चोच लांब व सरळ. ती तो चिखलात खोल खुपसतो. उचाट्याची चोच टोकाशी वर वळलेली. ती पाण्यात डावी-उजवीकडे फिरवून तो बारीक जीव गोळा करतो. शेकाट्याचे लालसर पाय त्याच्या शरीराच्या मानाने फार लांब, म्हणून त्याला अधिक खोल पाण्यात उभे राहता येते. तुतवार मात्र काठाकाठाने शेपटी हलवत एकटाच हिंडतो. चोच आणि पाय पाहून पक्षी काय खातो व कोठे खातो, हे ओळखता येते.

कार्तिकात एक अडचण येते. विणीच्या काळातील उठावदार रंग ओसरून हे पक्षी राखी-तपकिरी झालेले असतात. त्यामुळे पंधरा जातींचे पक्षी नवख्याला एकसारखेच वाटतात. अशा वेळी रंगावर विसंबू नये. चोचीची लांबी, पायांचा रंग, चालण्याची ढब आणि उडताना पंखांवर दिसणारी पट्टी यांकडे लक्ष द्यावे.

बंदराच्या पाण्यावर कुरव येतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांकाठी घरटी करतो आणि हिवाळ्यात गेटवे ऑफ इंडियाहून मांडवा वा घारापुरी येथे जाणाऱ्या लाँचमागे उडताना दिसतो. हौसेने प्रवासी त्याला तळलेले खाद्यपदार्थ टाकतात. तो ते झेलतो, पण असे अन्न त्याच्या प्रकृतीला मानवणारे नाही.

शरद संपता संपता या साऱ्यांत रोहित येऊन मिळतात. त्यांना अग्निपंख असेही म्हणतात. मोठा रोहित उंच, फिकट. त्याची चोच गुलाबी आणि टोकाशी काळी. छोटा रोहित बुटका, अधिक गुलाबी. त्याची चोच गडद. रोहित मान वाकवून चोच पाण्यात उलटी धरतो आणि जिभेच्या साहाय्याने पाणी आत घेऊन बाहेर सोडतो. चोचीच्या आतील दातेरी झालर गाळणीचे काम करते. छोट्या रोहिताचे मुख्य अन्न म्हणजे सूक्ष्म शैवाल. या अन्नातील रंगद्रव्यामुळेच त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते. पिले राखी असतात. गुलाबी रंग त्यांना अन्नातून कमवावा लागतो. कच्छच्या रणात हे पक्षी चिखलाची बुटकी घरटी बांधतात. त्या वसाहतीचा अभ्यास डॉ. सालिम अली यांनी १९४०च्या दशकात केला होता.

ठाण्याच्या खाडीत गेल्या काही दशकांत रोहितांची संख्या वाढली असून एका हंगामात एक लाखाहून अधिक पक्ष्यांची नोंद झालेली आहे. शहराच्या सांडपाण्यामुळे शैवाल वाढले, हे त्यामागील एक कारण असावे, असे अभ्यासक मानतात. म्हणून नुसती संख्या पाहून खाडी निरोगी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

४. ताट आणि पाट

ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. १९७१ साली इराणमधील रामसर या गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी एक करार झाला. त्यावरून हे नाव पडले. ओडिशातील चिलिका सरोवर आणि राजस्थानातील केवलादेव ही भारतातील पहिली रामसर स्थळे.

मग चिंता कशाची? याचे उत्तर भरतीत आहे. खाडीतल्या पक्ष्याला जेवायला जसे ताट लागते, तसा बसायला पाटही लागतो. ओहोटीत तो चिखलावर चरतो. परंतु भरतीत तो जातो काठापलीकडच्या मिठागरांत, उथळ तळ्यांत आणि उरण व नवी मुंबई येथील पाणथळ जागांत. या जागा अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. नकाशावर त्या ओसाड दिसतात आणि म्हणून भराव टाकण्यास सोयीच्या वाटतात. त्यांच्याकडे येणारा भरतीच्या पाण्याचा एक नाला जरी बुजला, तरी तळे सुकते.

पाट गेला, की ताट असूनही पक्षी उपाशी राहतो, ते असे. बसायला जागा नसल्याने भरतीचे तास तो उडत काढतो. ओहोटीत मिळवलेली शक्ती या उडण्यात खर्च होते. हे दिवसातून दोनदा घडते. परिणामी एप्रिल-मेमधील परतीच्या प्रवासासाठी लागणारी चरबी साठत नाही. येथे भराव पडतो आणि हजारो किलोमीटर दूर एक घरटे रिकामे राहते. अभयारण्याची सीमा आपण आखतो. भरतीला ती ठाऊक नसते.

या प्रश्नाला दुसरी बाजू नाही, असे नव्हे. दोन कोटींच्या आसपास लोकवस्तीच्या महानगराला घरे हवीत, रस्ते हवेत, बंदरे आणि विमानतळ हवेत. न्हावा-शेव्याच्या बंदराने हजारो हातांना काम दिले आहे. परंतु पाणथळ जागा केवळ पक्ष्यांसाठी नाहीत. तिवरांच्या मुळांत कोळंबी आणि मासळीची पिले वाढतात. त्यांवर कोळी बांधवांचा संसार चालतो. पावसाचे आणि भरतीचे जादा पाणी याच जागा सामावून घेतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा पाण्याच्या वाटा अडवल्याची किंमत मुंबईने मोजली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यास मनाई केली आणि २०१८ मध्ये ती कायम केली. विकास हवा की पक्षी, असा प्रश्न विचारण्याऐवजी कोणती जागा भरली तर किती हानी होईल, असे विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.

माणसे बदलू शकतात, याचे उदाहरण चिलिका सरोवराच्या उत्तर काठावरील मंगळाजोडी या गावात दिसते. तेथील काही गावकरी पूर्वी पाणपक्ष्यांची शिकार करीत. पुढे त्यांतीलच लोकांनी शिकार सोडून पक्षिरक्षणाचे व्रत घेतले. आज ते पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखवतात आणि त्यावर उपजीविका करतात. पक्ष्यांच्या वाटा जाणणारे डोळे तेच. काम तेवढे बदलले.

५. पाहणाऱ्याची शिस्त

पक्षिनिरीक्षणासाठी फार साधने लागत नाहीत. दुर्बीण असल्यास उत्तम. नसल्यास धीर पुरेसा आहे. कपडे भडक नसावेत. बोलणे हळू असावे. चिखलात उतरू नये. तो खोल आणि फसवा असतो. छायाचित्रासाठी बसलेला थवा उठवणे हा पक्ष्याच्या शिदोरीवर घाला आहे.

पाहिलेले लिहून ठेवावे. तारीख, तिथी, वेळ, भरती की ओहोटी, पक्ष्याचे नाव, अंदाजे संख्या आणि तो काय करीत होता, एवढे पुरे. मोठा थवा मोजण्याची सोपी रीत अशी : प्रथम दहा पक्षी मोजावेत, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत साठवावे आणि अशा किती जागा थव्यात आहेत ते पाहावे. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्यात सामान्य नागरिकही भाग घेतात. साध्या वहीतील अशा नोंदी पुढे जमिनीच्या वादात पुरावा म्हणून उपयोगी पडतात. ‘येथे काहीच नव्हते’ असे कोणी म्हणाले, तर ‘येथे काय होते’ हे सांगणारी वही कोणाजवळ तरी असावी लागते.

शब्दार्थ

पाणथळ – जेथे पाणी साचून राहते अशी सखल जागा. शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाद्य. आडाखा – ठोकताळा, अंदाज. उधाण – मोठी भरती. भांग – लहान भरती. तिवर – खारफुटीचे झाड. मिठागर – मीठ पिकवण्याची जागा. वीण – पिलांना जन्म देणे. ढब – पद्धत, लकब. पाट – बसण्याचे लाकडी आसन. दुजोरा – पुष्टी.

पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.

१. कोकणकिनाऱ्यावर द्वादशीला भरती सुमारे ……… वाजता येते. (सहा / नऊ / बारा)
२. टोकाशी वर वळलेली चोच ……… या पक्ष्याची असते. (चिखल्या / उचाट्या / पाणटिवळा)
३. ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा ……… साली मिळाला. (१९७१ / २०१५ / २०२२)

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.

१. पक्षी उत्तरेकडील प्रदेश का सोडतात?
२. छोट्या रोहिताला गुलाबी रंग कशामुळे येतो?

आशयविचार

या पाठाचा गाभा ‘ताट आणि पाट’ या दोन शब्दांत आहे. लेखकाने अपरिचित गोष्ट समजावण्यासाठी घरातील परिचित वस्तूंचा आधार घेतला आहे. चिखल हे ताट आणि भरतीतील विसाव्याची जागा हा पाट. दोन्ही असतील तरच जेवण होते. या एका रूपकामुळे, अभयारण्य घोषित करूनही पक्षी संकटात का राहतात, हे स्पष्ट होते. त्याचबरोबर लेखक विकासाची गरज नाकारत नाही. दोन्ही बाजू मांडून तो वाचकाला अधिक नेमका प्रश्न विचारायला शिकवतो. वैचारिक लेखनाचे हे महत्त्वाचे लक्षण आहे.

भाषाभ्यास

‘पक्षी’ हा शब्द स्वतंत्रपणे लिहिताना शेवटचा ‘क्षी’ दीर्घ असतो. परंतु तत्सम सामासिक शब्दात तो पहिले पद म्हणून आला, की ऱ्हस्व होतो : पक्षिनिरीक्षण, पक्षिकोश, पक्षिशास्त्रज्ञ. असेच इतर शब्द पाहा : प्राणी – प्राणिसंग्रहालय, विद्यार्थी – विद्यार्थिगृह, मंत्री – मंत्रिमंडळ. विभक्तिप्रत्यय लागताना मात्र ‘पक्षी’चे सामान्यरूप ‘पक्ष्या-’ होते : पक्ष्याला, पक्ष्यांचे. ‘पक्षाचे’ असे लिहिल्यास अर्थ बदलतो; तो शब्द ‘पक्ष’ याचा आहे.

कृती : पुढील शब्दांपासून सामासिक शब्द तयार करा.
(१) पक्षी + मित्र (२) प्राणी + शास्त्र (३) योगी + राज

तुम्ही काय शिकलात?

• अन्नाच्या शोधात पक्षी शरद ऋतूत दक्षिणेकडे येतात.
• खाडीतील पक्ष्यांची दिनचर्या भरती-ओहोटीवर अवलंबून असते.
• चोच आणि पाय यांच्या रचनेमुळे एकाच चिखलावर अनेक जाती नांदतात.
• ओहोटीतील चिखल आणि भरतीतील विसाव्याच्या जागा, दोन्ही टिकल्या तरच पक्षी टिकतात.
• नियमित नोंदी ठेवणे हेही निसर्गरक्षणाचे काम आहे.

पाठान्त प्रश्न

१. ‘अभयारण्याची सीमा आपण आखतो, भरतीला ती ठाऊक नसते.’ या विधानाचा अर्थ आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
२. पाणथळ जागा माणसांच्या कोणत्या उपयोगी पडतात, ते पाठाच्या आधारे लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या तलावावर वा नदीकाठी भराव टाकण्याचा प्रस्ताव आला आहे, असे समजा. त्याच्या दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत लिहा.
४. सलग सात दिवस एकाच ठिकाणी पक्षी पाहा आणि पाठात सांगितल्याप्रमाणे नोंदी ठेवा. तुमच्या भाषेत किंवा बोलीत त्या पक्ष्यांना काय म्हणतात, तेही लिहा.

उत्तरे

पाठगत प्रश्न : (अ) १. नऊ २. उचाट्या ३. २०२२. (आ) १. शरद ऋतूत तेथील दलदली गोठू लागतात व अन्न मिळेनासे होते, म्हणून पक्षी तो प्रदेश सोडतात. २. शैवालातील रंगद्रव्यामुळे छोट्या रोहिताला गुलाबी रंग येतो.

कृती : (१) पक्षिमित्र (२) प्राणिशास्त्र (३) योगिराज